ड्रमहेलरला फॅमिलीसोबत येताय? मग दिवस उन्हाच्या हिशोबाने लावा

कॅनडाच्या अल्बर्टात नवीन आलेल्या आपल्या लोकांची पहिली ट्रिप बॅन्फ नॅशनल पार्क आणि दुसरी डायनोसॉरचं गाव ड्रमहेलर, हे आता जवळजवळ ठरलेलंच असतं. आम्ही चार वर्षांपूर्वी कामानिमित्त इथे ड्रमहेलरमध्येच राहायला आलो आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात कॅलगरीहून कोणी ना कोणी येतंच, कधी ओळखीचे, कधी ओळखीच्यांच्या ओळखीचे, आणि सगळ्यांचा दिवस साधारण एकसारखाच जातो. सकाळी आरामात उठायचं, अकराला निघायचं, साडेबाराला भर उन्हात कॅन्यनच्या कडेला उभं राहून फोटो काढायचे, तोवर पोरं लालबुंद, मग म्युझियममध्ये दोन तास, मग डायनोसॉरच्या पुतळ्याखाली आइस्क्रीम आणि पाचला परत. म्हणजे जी वेळ सगळ्यात वाईट त्या वेळेला बाहेर, आणि जी वेळ सगळ्यात सुंदर त्या वेळेला हायवेवर. एवढ्या लांब येऊन लोक असे जातात याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. जागांची यादी करून एकेक टिक मारत जाऊ नका. ऊन कुठे आहे ते बघा आणि त्याप्रमाणे दिवस लावा. सकाळी बाहेर, दुपारी आत, संध्याकाळी परत बाहेर. बस.

आधी नावाचा घोळ

हे पहिलं सांगते कारण दरवर्षी कोणीतरी फसतं. डायनोसॉर प्रोव्हिन्शियल पार्क नावाची जागा ड्रमहेलरमध्ये नाही. ती ब्रूक्स गावाजवळ आहे, इथून गाडीने दोन तासांवर, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि तीही फार भारी आहे पण तो वेगळा दिवस आहे. डायनोसॉरचं मोठं म्युझियम म्हणजे रॉयल टिरेल, ते ड्रमहेलरला. मॅपवर नुसतं 'डायनोसॉर पार्क' टाकून निघू नका, म्युझियमचं पूर्ण नाव टाका. आणि बॅन्फसाठी पार्क्स कॅनडाचा पास लागतो तसा इथे लागत नाही, हे नॅशनल पार्क नाही. बऱ्याच जागा फुकट आहेत, एकदोन ठिकाणी पार्किंगचे पैसे आहेत, गाडी लावली की आधी बोर्ड वाचायचा.

कधी यायचं

मे एन्ड ते सप्टेंबर. त्यातही मला विचाराल तर लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाल्यानंतरचे दोन-तीन आठवडे, गर्दी ओसरलेली असते, डास जवळजवळ नसतात, दुपारी सुद्धा चालता येतं. फक्त तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतात आणि म्युझियम उन्हाळा संपला की सोमवारी बंद असतं, सुट्टीचा सोमवार असेल तर उघडं, तेवढं वेबसाइटवर बघून घ्या. जुलैत यायला हरकत नाही, वाटेत कनोलाची शेतं पिवळीधमक असतात आणि पोरांना सुट्टी असते, पण गाव दरीत आहे, वर मैदानात जेवढं ऊन त्याहून खाली जास्त तापतं, ३५ डिग्रीला पोचणारे दिवस असतात आणि सावली जवळपास नाहीच. जूनमध्ये पाऊस असतो, आणि पाऊस हा इथे साधा विषय नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय. जंगलांना आगी लागतात त्या दिवसांत धूर पण येतो, निघायच्या आदल्या रात्री हवेची क्वालिटी बघायची सवय लावून घ्या, विशेषतः घरात दम्याचं कोणी असेल तर.

सामान

पाणी. माणशी दोन लिटर धरा, लहान मुलांसाठी पण तेवढंच. बाहेरच्या जागांवर प्यायच्या पाण्याचा नळ असेलच असं धरून चालू नका. टोप्या, सनस्क्रीन, डासांचा स्प्रे. बूट पुढून बंद आणि खाली खाच असलेले, चपला सँडल नको, कारण इथे जमिनीलगत छोटं निवडुंग असतं, दिसत नाही पण काटे घुसतात. पोरांच्या कपड्यांचा एक जास्तीचा जोड आणि दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या, कशाला ते कळेल. पायाला लांब पँट असलेली बरी, वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला गवतात टिक, म्हणजे रक्त पिणारे गोचीड, असतात, घरी गेल्यावर पोरांच्या मानेमागे, काखेत, केसांत बघून घ्यायचं.

खायला घरून आणा. धपाटे, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, कलिंगडाच्या फोडी कूलरमध्ये. गावात खायला मिळतं पण जुलैच्या शनिवारी दुपारी एक वाजता उपाशी पोरं घेऊन लायनीत उभं राहायचं म्हणजे अर्धा दिवस तिथेच गेला. बार्बेक्यू करायचा विचार असेल तर आग लावायला बंदी आहे का ते त्या दिवशीचं बघा, कोरड्या दिवसांत बंदी लागते आणि ती सगळ्यांना लागू असते.

सहा वर्षांखालचं आणि १८ किलो किंवा त्याहून कमी वजनाचं मूल असेल तर अल्बर्टात चाइल्ड सीट कायद्याने लागते. पाहुणे एका गाडीत कोंबून, बाळ मांडीवर घेऊन इथे चालत नाही.

रस्ता

कॅलगरीहून साधारण १३५ किलोमीटर, दीड तास. नऊ नंबरचा हायवे पकडायचा, बायसेकरवरून पुढे सरळ पूर्वेला. सगळीकडे सपाट शेतं, गहू, कनोला, लांबवर एखादं धान्याचं कोठार, पोरं विचारायला लागतात की डोंगर कुठे आहेत. आणि मग गावाच्या १७ किलोमीटर आधी जमीन एकदम फाटते. आपल्याला डोंगर चढून वर जायची सवय, इथे सगळं खाली आहे, कडेला जाईपर्यंत काही दिसतच नाही. तो हॉर्सशू कॅन्यन. मी नगरकडची, लहानपणी निघोजचे रांजणखळगे बघितलेले, सपाट रानातून चालता चालता अचानक पायाखाली नदीने कोरलेला दगड दिसतो ना, तसंच काहीसं, फक्त इथे दगड नाही तर माती आणि ते डोळ्यांत मावत नाही एवढं.

सकाळी साडेसहाला निघा. हो, साडेसहाच. पोरं गाडीत झोपू देत. आठपर्यंत हॉर्सशूला पोचलात तर ऊन तिरकं असतं आणि दरीतले थर एकेक करून वेगळे दिसतात. काळपट पट्टा म्हणजे कोळसा, राखाडी-पांढरट ती वाळूची आणि चिकणमातीची, तांबूस जी रेघ ती लोखंडाचा अंश असलेली. दुपारी वरून ऊन पडलं की हे सगळं एकसारखं मळकट दिसतं आणि लोक म्हणतात फोटोत जास्त चांगलं होतं. वरून बघायला प्लॅटफॉर्म आहे, खाली उतरायला जिने आहेत. खाली अर्धा तास फिरून या, पण उतरलात तेवढं चढायचंय हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

इथे एक आपली गोष्ट सांगते. हे थर साधारण ७ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनोसॉर जिवंत होते तेव्हाचे. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्यातून झाला तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, डायनोसॉर संपले त्या सुमाराला. म्हणजे इथली ही हाताने भुगा होणारी माती आपल्या राजगड-हरिश्चंद्रगडाच्या कातळापेक्षा जुनी आहे. माझ्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ त्या मातीवर हात ठेवून बसला होता.

सकाळ संपायच्या आत हूडू

हॉर्सशूवरून गावात, गावातून १० नंबरच्या रस्त्याने आग्नेयेला १६ किलोमीटर, की हूडू. हूडू म्हणजे वाळूच्या दगडाचे खांब, डोक्यावर कडक दगडाची टोपी. टोपीखालचा दगड पावसापासून वाचतो, आजूबाजूचा वाहून जातो, म्हणून खांब उभा राहतो, आणि टोपी पडली की खांब पण जातो, तो पुन्हा कोणी उभा करू शकत नाही. उंची ५ ते ७ मीटर. जिने आणि फिरायला बांधलेले रस्ते आहेत, त्यावरूनच फिरा, खांबांना टेकून किंवा चढून फोटो काढू नका. पोरांना सांगायला लागतं आणि कधी कधी मोठ्यांना पण सांगायला लागतं. जागा तशी लहान आहे, पाऊण तास पुरतो. दहाच्या आत पोचलात तर पार्किंग आरामात मिळतं, अकरानंतर बस यायला लागतात.

मातीबद्दल नीट वाचा

ही जी राखाडी माती आहे तिला बेंटोनाइट म्हणतात, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली. कोरडी असते तेव्हा तिच्यावर बारीक भेगा आणि फुगवटे असतात, लाह्या पसरल्यासारखी दिसते, पायाखाली कुरकुरते. पाणी लागलं की फुगते आणि तेल ओतल्यासारखी होते. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात कॅन्यनमध्ये खाली असताना दहा मिनिटांची सर आली, दहाच मिनिटं, आणि जी पाऊलवाट आम्ही गप्पा मारत उतरलो होतो तिच्यावर एक पाऊल टाकता येईना. मुलगी तेव्हा पाच वर्षांची, तिच्या प्रत्येक बुटाला वीटभर माती चिकटलेली, पाय उचलला की बूट खालीच राहायचा. शेवटी एका सपाट जागी तासभर बसून राहिलो, ऊन आल्यावर माती वरून सुकली तेव्हा हात धरून धरून वर आलो. म्हणून आकाशात ढग दिसले तर खाली उतरायचं नाही, आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर दुपारपर्यंत उतरायचं नाही. वरून बघा, पुष्कळ दिसतं. आणि त्या प्लास्टिकच्या पिशव्या बुटांसाठी.

दुपारी म्युझियम

साडेअकरा-बाराला ऊन चढलं की आत शिरायचं. रॉयल टिरेल म्युझियम गावापासून ६ किलोमीटर वायव्येला आहे, १९८५ मध्ये सुरू झालं. तिकिटं ऑनलाइन आधी काढून ठेवा. नाव ज्यांच्यावरून आहे ते जोसेफ टिरेल १८८४ मध्ये या भागात कोळसा शोधत फिरत होते आणि त्यांना सापडली एक कवटी, मांसाहारी डायनोसॉरची. त्याला पुढे १९०५ मध्ये अल्बर्टोसॉरस नाव मिळालं, त्याच वर्षी अल्बर्टा प्रांत झाला.

आत काय बघायचं हे पोरं ठरवतील, पण दोन गोष्टी चुकवू नका. एक म्हणजे २०११ मध्ये फोर्ट मॅकमरेजवळच्या तेलाच्या खाणीत सापडलेला नोडोसॉर. हा नुसता सांगाडा नाही, पाठीवरचं चिलखत, खवले, सगळं जागच्या जागी, ११ कोटी वर्षं जुना आणि वाटतं आत्ता झोपलाय. दुसरी म्हणजे काचेपलीकडची लॅब, जिथे लोक बारीक अवजारांनी हाडांवरचा दगड काढत बसलेले असतात. आमची मुलं टी-रेक्ससमोर पाच मिनिटं थांबली आणि त्या काचेला पाऊण तास नाक लावून होती. एक बाई दातांच्या डॉक्टरकडे असतं तसल्या अवजाराने एका मणक्याभोवतीचा दगड टोकरत होती, आम्ही होतो तेवढ्या वेळात बोटाच्या नखाएवढी जागा साफ झाली असेल.

म्युझियमला अडीच-तीन तास द्या. बाहेर पडल्यावर जेवून घ्या, आणि मग लहान मुलं असतील तर गावात मोठ्या डायनोसॉरपाशी पाण्याचे फवारे आहेत, फुकट, तिथे तासभर भिजू द्या. तो डायनोसॉर २६ मीटर उंच आहे, आतून १०६ पायऱ्या चढून त्याच्या तोंडात उभं राहता येतं, तिकीट आहे. पोरांना आवडतं, जा, पण आईबाबा खाली थांबले तरी काही बिघडत नाही.

संध्याकाळ, यासाठीच आलात असं समजा

साडेसहा-सातला गाडी काढा. जूनच्या शेवटी इथे पावणेदहापर्यंत उजेड असतो, म्हणजे हातात तीन तास आहेत. डायनोसॉर ट्रेल हा ४८ किलोमीटरचा गोल रस्ता आहे, नदीच्या उत्तर अंगाने जायचं आणि दक्षिण अंगाने परत यायचं. म्युझियमच्या थोडं पुढे एक इवलंसं चर्च लागतं, एका वेळी सहाच माणसं बसतात, थांबा दोन मिनिटं. मग पुढे हॉर्सथीफ कॅन्यन. इथे कठडा बिठडा काही नाही, कडेची माती भुसभुशीत असते, लहान मुलांचा हात सोडू नका. पण संध्याकाळी इथे बसायचं. गाडीतून चटई काढा, थर्मासमधला चहा काढा, मोबाइल आत ठेवा. ऊन खाली जातं तशी एकेका टेकडीची सावली दुसरीवर चढते आणि तांबूस रेघा पेटल्यासारख्या होतात, मग दरीतून गार वारा वर येतो आणि त्याला सेजच्या झुडपाचा वास असतो, ओव्याच्या जवळ जाणारा पण ओवा नाही.

मग रस्ता खाली उतरतो नदीपाशी, आणि रस्ता संपतोच. पूल नाही. तिथे ब्लेरिओ फेरी आहे, १९१३ पासून चालत आलेली, तारेला बांधलेला सपाट तराफा, गाडीसकट चढायचं. फुकट आहे, सरकारी आहे. तुमची गाडी एकटी असली तरी पलीकडून घ्यायला येतात. चालक हाताने दाखवतो कुठे थांबवायची, इंजिन बंद करायचं, आणि मग तार ओली होऊन पाण्यातून वर येताना दिसते, तराफा सरकतो, दोन-चार मिनिटांत पलीकडे. विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरिओ, त्यांच्या भावाने ही फेरी सुरू केली. मुलांना म्युझियमएवढीच ही आठवते. फेरी फक्त वसंत ते शरद चालते, नदीला पाणी जास्त-कमी झालं तरी बंद ठेवतात, म्हणून ५११ अल्बर्टावर (रस्त्यांची माहिती देणारी सरकारी साइट) त्या दिवशी चालू आहे का आणि किती वाजेपर्यंत ते बघून निघा. बंद असेल तर हॉर्सथीफपर्यंत जाऊन त्याच रस्त्याने मागे या.

पलीकडे गेल्यावर दक्षिण बाजूला ऑर्कनी व्ह्यूपॉइंट. इथून नदीचं वळण, खालची हिरवी शेतं आणि समोरचा सगळा कडा एकदम दिसतो. सूर्यास्त इथून.

हाडाचा तुकडा सापडला तर

सापडू शकतो, पावसाने दर वर्षी नवीन काहीतरी उघडं पडतं. हाड आहे की दगड हे ओळखायची इथल्या लोकांची जुनी युक्ती म्हणजे ओल्या बोटाला लावून बघायचं, हाडाला बारीक छिद्रं असतात म्हणून ते चिकटतं. पण पार्कमधून आणि संरक्षित जागेवरून काहीही उचलायचं नाही, तो गुन्हा आहे. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर वर पडलेला तुकडा ठेवता येतो, तरी मालकी अल्बर्टाचीच राहते, विकता येत नाही आणि परवानगीशिवाय प्रांताबाहेर नेता येत नाही. खणायचं तर अजिबात नाही. म्हणजे पुण्याला भाच्यासाठी घेऊन जाऊ, हे डोक्यातून काढा. फोटो काढा, जागा लोकेशनसकट टिपून ठेवा आणि म्युझियमला कळवा, ते आनंदाने बघतात. मुलांना हे समजावून सांगितलं की ती राखणदारासारखी वागायला लागतात, मी बघितलंय.

राहणार असाल तर दुसरा दिवस

ईस्ट कूलीला अ‍ॅटलस कोल माइन. १९११ ते १९७९ या दरम्यान या दरीत १३९ कोळशाच्या खाणी होऊन गेल्या, हे गाव खरं डायनोसॉरचं नंतर आणि खाणवाल्यांचं आधी. कोळसा चाळून वॅगनमध्ये भरायची लाकडी उंच इमारत अजून उभी आहे, हेल्मेट घालून टूर असते, आठ वर्षांपुढच्या मुलांना घेऊन जा, लहानग्यांना कंटाळा येतो. वाटेत रोझडेलपाशी वळलात तर वेन नावाच्या गावाचा रस्ता, एकच ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत जातो, ११ पुलांचा रस्ता म्हणून प्रसिद्ध आहे, मागच्या सीटवर पूल मोजायचा खेळ सुरू होतोच. एके काळी तिथे हजारोंची वस्ती होती, आता बोटावर मोजण्याएवढी घरं. हॉटेलचं बुकिंग मात्र लाँग वीकेंडसाठी महिनाभर आधी करा.

आई-बाबा भारतातून आले असतील तर

त्यांना खाली उतरवू नका. हॉर्सशूला वरून, ऑर्कनीला गाडीपासून चार पावलांवर, फेरी गाडीत बसून, म्युझियममध्ये व्हीलचेअर मिळते का ते दारातच विचारा. गुडघे दुखत असले तरी एवढ्यात त्यांचा दिवस भरतो. माझे सासरे ७४ वर्षांचे, फेरीवर गाडीतून उतरून तारेकडे बघत उभे होते, म्हणाले, आमच्या गोदावरीला पूल व्हायच्या आधी अशीच नाव होती, फक्त ती हाताने ओढायला लागायची. हे त्यांनी आम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं.

परत जाताना

सूर्यास्त बघून निघालात तर पेट्रोल गावातच भरून घ्या. नऊ नंबरचा रस्ता बराचसा दोन लेनचा आहे आणि अंधार पडताना हरणं रस्त्यावर येतात, एक दिसलं की मागे अजून दोन असतात असं धरा, वेग कमी ठेवा, ओव्हरटेकची घाई करू नका, जो गाडी चालवणार त्याने दुपारी तासभर झोप काढलेली बरी. घरी पोचेपर्यंत साडेअकरा-बारा होतील, पोरं मागे झोपलेली असतील. बूट मात्र ट्रंकमध्येच काढून पिशवीत बांधा, घरात नेऊ नका, ती माती कार्पेटमधून निघत नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात पूर्ण वाळू द्यायचे आणि मग बाहेरच आपटून झाडायचे, ओले असताना पाणी लावायचं नाही.